मनगटावर डाग, घड्याळाखाली नाही: एका घरगुती रोल-ऑनचं प्रकरण

प्रकरण मे महिन्याच्या सुरुवातीचं. ज्यांना त्रास झाला त्या बाई मुलुंडला राहतात, वय ३८, नोकरी फोर्टला. ज्यांनी तेल बनवलं त्या त्यांच्या भावाची बायको, भांडुपच्या. दोघींना विचारून लिहिते आहे, पण नावं देत नाही. नणंद आणि वहिनी एवढ्यावर काम भागतं. साबण, उटणी, तेलं घरी करून विकणाऱ्या बायकांना मी दादरला शिकवते. फार्मसी केलेली असल्यामुळे मापं आणि हिशेब हा माझा विषय. वहिनी माझ्याकडे साबण शिकल्या होत्या. रोल-ऑन मात्र त्यांनी पुढे व्हिडिओ बघून, स्वतःच्या हिमतीवर सुरू केलं.

रोल-ऑन म्हणजे १० मिलिलिटरची काचेची बाटली, तोंडाशी फिरणारी स्टीलची गोळी. मनगटावर, कानामागे फिरवायची की झालं. आत खोबरेल तेल आणि त्यात इसेन्शियल ऑइल, म्हणजे फुलं, पानं, साली यांतून काढलेलं तीव्र वासाचं तेल. लेबलवर ‘१००% नैसर्गिक, केमिकल नाही’. पाडव्याच्या सुमाराला सोसायटीतल्या प्रदर्शनात वहिनींनी टेबल लावलं, तिथे माल बऱ्यापैकी खपला. एक बाटली नणंदेला घरचीच म्हणून दिली.

मेमधल्या त्या रविवारी नणंद ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर अलिबागला निघाल्या. घरातून निघताना रोल-ऑन लावलं होतं, मांडव्याच्या बोटीत घामानं जीव नकोसा झाला म्हणून पुन्हा लावलं. कानामागे जरा सढळ हातानं, इतकं की एक ओघळ मानेवरून थेट गळ्याच्या हाडापर्यंत आला. तो पुसला नाही, खोबरेलच तर आहे, जिरेल म्हणून. मग दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली. दिवसभर ऊन, खारा वारा, समुद्रात पाय, शहाळं, मासे, आणि संध्याकाळी बोटीनं परत. जाता-येता वरच्या डेकवर, उघड्यावर.

सोमवारी मान जरा चुरचुरत होती. एवढं उन्हात फिरल्यावर चुरचुरणारच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मंगळवारी सकाळी कानामागून गळ्यापर्यंत बोटभर रुंदीचा लाल पट्टा उठला, रात्री त्यावर पाण्यानं भरलेले फोड आले. उजव्या मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा, तोही फुगलेला. बुधवारी सगळ्यात वाईट अवस्था होती: मानेवरचे तीन-चार फोड एकत्र होऊन एक मोठा झाला आणि कपड्याला घासून फुटला.

मग घरच्या निदानांची फेरी सुरू झाली. सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, नागीण आहे. एका बाजूला, पट्ट्यासारखी, पाण्याच्या फोडांची. त्यांचं काही चुकलं नाही, दिसायला ती तशीच दिसते. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप तयारही झाला. शेजारच्या काकूंचं मत, रात्री अंगावरून किडा फिरला असणार. हेही अगदीच हवेतलं नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक, लांबुडका, काळा-केशरी किडा असतो, रोव्ह बीटल. तो कातडीवर चिरडला गेला की त्याच्या अंगातलं रसायन पसरतं आणि दुसऱ्या दिवशी अशाच रेघा, असेच फोड येतात. मुंबईत पाऊस सुरू झाला की त्वचेच्या डॉक्टरांकडे याचे पेशंट रांगेत असतात. स्वतः नणंदेचा संशय अलिबागच्या कोळंबीवर होता.

या तिन्ही अंदाजांमध्ये रोल-ऑन कुठेच नव्हतं. लावलं रविवारी, फोड मंगळवारी. मधे दोन दिवस गेले की आपल्या डोक्यातून संबंध सुटतो, आणि या प्रकारच्या भाजण्याची गोष्ट नेमकी हीच आहे. ते त्याच दिवशी क्वचित दिसतं. साधारण २४ तासांनी सुरू होतं आणि ४८ ते ७२ तासांत टोकाला जातं.

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी लेप धुवायला लावला आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरीण बाईंनी फोडांकडे बघायला कमी आणि प्रश्नांना जास्त वेळ दिला, असं नणंद सांगतात. फोड यायच्या आधी दुखत होतं का, ठणकत होतं का? नाही. मग नागीण मागे पडली, कारण तिच्यात बहुतेक वेळा वेदना आधी आणि पुरळ नंतर. शिवाय नागीण एका नसेच्या पट्ट्यात राहते. मानेवर आणि मनगटावर एकाच वेळी अशी उडी ती मारत नाही. किडा? पावसाचा अजून पत्ता नव्हता, आणि मनगटावरचा डाग रेघेचा नसून गोल होता. कोळंबीचं पित्त अंगभर उठतं, ओघळ काढत नाही. मग प्रश्न आला, “रविवारी उन्हात होतात का? अंगाला काय लावलं होतं? लिंबू, अत्तर, काहीही?”

नणंदेनं पर्समधून रोल-ऑन काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे नाव लिहिलं त्याचा मराठीत अर्थ ‘वनस्पतीतल्या द्रव्यामुळे आणि उजेडामुळे झालेली त्वचेची जळजळ’. रोग काही नवा नाही. १९१६ साली फ्रॉइंड यांनी कोलन वॉटर लावून उन्हात बसलेल्या लोकांच्या अंगावरचे असेच डाग नोंदवले होते. पुढे १९२५ मध्ये रोझेंथाल यांनी त्याला नाव दिलं, तेही गळ्यातल्या लोलकावरून, कारण अत्तराचा ओघळ मानेवर लोलकाच्या आकाराचा डाग सोडत असे. त्या कोलनमध्ये जे तेल होतं तेच वहिनींच्या बाटलीत होतं: बर्गमॉट, एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल.

माझ्याकडे हे शनिवारी आलं. वहिनींचा फोन. आवाजात काळजी होती आणि थोडा रागही. “मॅडम, मी स्वतः महिनाभर लावतेय. मला एक पुळीसुद्धा आली नाही. विकायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पॅच टेस्टपण केली, पूर्ण चोवीस तास. ताईंचीच स्किन सेन्सिटिव्ह असणार हो.”

या बोलण्यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं. त्यांनी खरंच महिनाभर लावलं होतं, खरंच काही झालं नव्हतं, आणि पॅच टेस्टही प्रामाणिकपणे केली होती. इंटरनेटवर सुरक्षिततेचा जो एक सल्ला सगळीकडे मिळतो तो त्यांनी पाळला होता. या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कातडीवर लावलेलं तेल तीन वेगवेगळ्या वाटांनी त्रास देतं. पहिली वाट साध्या दाहाची: तेल तीव्र, कातडी नाजूक, लगेच आग होते. दुसरी ॲलर्जीची. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणा त्या द्रव्याला आधी ओळखायला शिकते. पहिल्या काही वेळा काही होत नाही, आणि एकदा ओळख पटली की पुढे चिमूटभरानंही खाज आणि पुरळ, तेही तासांनी किंवा दिवसांनी. ही माणसागणिक वेगळी. तिसरी वाट उजेडाची. बर्गमॉटच्या सालीत बर्गाप्टेन आणि त्याच्या जातीची फ्युरोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात. अंधारात ती कातडीत निवांत बसून राहतात. त्यांच्यावर उन्हातली यूव्हीए किरणं पडली की ती पेशीतल्या डीएनएला चिकटतात आणि पेशी मरते. यात संरक्षण यंत्रणेचा संबंध नाही, आधीच्या ओळखीची गरज नाही, सेन्सिटिव्ह स्किनचा प्रश्नच नाही. पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन एकत्र आलं की कोणाचीही कातडी भाजते, पहिल्याच वेळी.

मी वहिनींना विचारलं, तुम्ही लावता कधी? “रात्री. झोप छान लागते.” दिवसा त्या घरून काम करतात. पॅच टेस्टही घरातच, बाहीच्या आत, पंख्याखाली. म्हणजे महिनाभर तेल होतं, ऊन नव्हतं.

पॅच टेस्ट करूच नये असं माझं म्हणणं नाही. दाह होणार असेल तर ती लगेच सांगते. ॲलर्जीसाठी मात्र चोवीस तास अपुरे. त्वचेचे डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावतात त्या ४८ तास ठेवतात, आणि काढल्यावर पुन्हा दोन दिवसांनी बघतात, कारण खरी ॲलर्जी बऱ्याचदा तेव्हा वर येते. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मुंबईच्या मे महिन्यात हे जमवून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. आणि उजेडाच्या त्रासाची चाचणी तर वेगळीच. तिच्यात प्रत्येक द्रव्याच्या दोन पट्ट्या लावतात, एका बाजूवर मोजून यूव्हीए टाकतात आणि दोन्हींची तुलना करतात. ती दवाखान्यातच व्हायची. तेल लावून गच्चीत उभं राहायचा प्रयोग कोणी घरी करू नये. तो यशस्वी झाला तर नणंदेसारखी मान होते.

शनिवारी दुपारीच वहिनी वही आणि सामान घेऊन माझ्याकडे आल्या. नणंदेनं फोटो पाठवले होते ते आम्ही मोठे करून बघितले. मानेवरचा पट्टा वर रुंद, खाली निमुळता, हाडाशी एक थेंबाच्या आकाराचा डाग. ओघळ जिथे थांबला तिथे तो साचला, म्हणून तिथे जास्त भाजलं. हा सगळा प्रकार मानेच्या डाव्या बाजूला. उजवीकडे कानामागे फक्त फिकट लाली. तेल दोन्ही बाजूंना लावलं होतं, मग हे का? गेटवेहून मांडव्याला जाताना बोटीचं तोंड साधारण दक्षिणेला, सकाळचं ऊन डावीकडून. परतताना तोंड उत्तरेला आणि ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा डावीकडूनच. उजव्या खांद्यावर ओढणी होती ते वेगळं.

मनगटांनी तर शंकाच ठेवली नाही. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासली होती, म्हणजे तेल दोन्हीकडे सारखं. उजव्यावर चट्टा, डाव्यावर काहीच नाही. डाव्या हाताला रुंद पट्ट्याचं घड्याळ होतं. पट्ट्याखालची कातडी तेल लागूनही स्वच्छ, आणि पट्ट्याच्या कडेला, जिथे तेल बाहेर आलं होतं, तिथे केसाएवढी तपकिरी रेघ. ॲलर्जी असती तर ती घड्याळाखाली, घाम आणि घर्षणात, उलट जास्त फुलली असती. हा फोटो बघून वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे ताईंची स्किन नाही.”

आता वही. पान असं होतं: ‘१० मिली बाटली. बर्गमॉट ४० थेंब, लाइम १० थेंब, लॅव्हेंडर १५ थेंब. वर खोबरेल.’ बर्गमॉटची बाटली मस्जिद बंदरच्या एका दुकानातली, लेबलवर सोनेरी अक्षरात ‘कोल्ड प्रेस्ड’ आणि ‘प्युअर’.

हिशेब सोपा आहे, करून बघा. ड्रॉपरच्या तोंडावर आणि तेलाच्या घट्टपणावर अवलंबून एका मिलिलिटरमध्ये २० ते ४० थेंब बसतात. म्हणजे ४० थेंब बर्गमॉट १ ते २ मिलिलिटर झालं. १० मिलिलिटरच्या बाटलीत ते १० ते २० टक्के. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इफ्रा, तिची मर्यादा बर्गमॉटसाठी ०.४ टक्के आहे, अंगावर तसंच राहणाऱ्या आणि ऊन लागू शकणाऱ्या उत्पादनासाठी. वहिनींची बाटली या मर्यादेच्या २५ ते ५० पट होती. त्यांना खरा धक्का बसला तो पुढच्या आकड्यानं. १० मिलिलिटरच्या ०.४ टक्के म्हणजे ०.०४ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. जाड तोंडाच्या ड्रॉपरनं तो एक थेंबसुद्धा मर्यादा ओलांडतो. इतक्या लहान बाटलीत साधं बर्गमॉट थेंबांनी मोजून सुरक्षित घालता येत नाही.

वर लाइमचे दहा थेंब. लाइम म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या सालीचं तेल. साल दाबून काढलेल्याला ०.७ टक्के मर्यादा. वाफेवर काढलेलं असेल तर हा त्रास नाही, कारण फ्युरोकुमॅरिन जड असतात, वाफेबरोबर वर येत नाहीत. त्यामुळे ‘कोल्ड प्रेस्ड’ हा शब्द खोबरेलाच्या बाटलीवर कौतुकाचा असला तरी लिंबूवर्गीय तेलावर सावध व्हायचा. साल दाबून काढलेल्या लेमनच्या, म्हणजे मोठ्या पिवळ्या लिंबाच्या तेलाला २ टक्के, ग्रेपफ्रूटला ४ टक्के. गोड संत्र्याच्या तेलाला उन्हाची अशी मर्यादा नाही. आणि दोन तेलं एकत्र घालताना दोन्हींच्या मर्यादा पूर्ण वापरता येत नाहीत. एकीची अर्धी वापरली की दुसरीची अर्धीच उरते. वहिनींनी दोन्ही अनेकपट घातली होती.

एक टोचणारी गोष्ट सांगते. बाटलीत बर्गमॉटच्या नावाखाली स्वस्तातला कृत्रिम सुगंध निघाला असता तर हे बहुधा झालंच नसतं, कारण कृत्रिम सुगंधात बर्गाप्टेन कोणी मुद्दाम घालत नाही. वहिनींनी चौकशी करून, जास्त पैसे देऊन शुद्ध माल आणला, आणि भाजलं ते त्या शुद्ध मालानं. ‘केमिकल नाही’ हे लेबल त्यांनी तिथेच माझ्या टेबलावर नखानं खरवडून काढलं.

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. लिंबाची साल आपण वर्षानुवर्षं चेहऱ्याला चोळतो, मग आजीच्या वेळी कोणाला काही झालं नाही ते कसं? होत होतं. सरबतासाठी उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्याच्या हातावर दोन दिवसांनी डाग येणं ही जगभर ठाऊक असलेली गोष्ट आहे. आपल्या सावळ्या कातडीवर बऱ्याचदा लाली आणि फोड दिसतच नाहीत, थेट काळा-तपकिरी डाग येतो, आणि आपण म्हणतो, उन्हानं रापलं. आणि आपल्याच औषधात तर याचा जाणूनबुजून वापर आहे. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात ना? बावचीत सोरालेन असतं, बर्गाप्टेनच्याच घरातलं. इजिप्तमध्ये नाईलच्या काठची एक वनस्पती याच कामासाठी पूर्वापार वापरत. १९४०च्या दशकात कैरोच्या एल मोफ्ती यांनी तिच्यातल्या द्रव्याचे कोडावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि आज दवाखान्यात सोरालेन देऊन मोजून यूव्हीए देतात तो उपचार त्याच वाटेनं आला. तिथे तेल मोजलेलं, मिनिटं मोजलेली, डॉक्टर समोर. बावचीचं तेल घरी लावून जास्त वेळ उन्हात बसलेल्यांनाही फोड येतात, हे त्वचेचे डॉक्टर तुम्हाला सांगतील.

घाम आणि ओली कातडी यानं हा परिणाम वाढतो. म्हणजे मुंबईत तो वाढलेलाच धरायचा. खिडकीच्या काचेतून उन्हातली दुसरी किरणं, यूव्हीबी, बरीचशी अडतात, यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं, त्यामुळे एसी बसमध्ये खिडकीशी बसलेलं माणूस सावलीत आहे असं धरू नये. मर्यादेपेक्षा जास्त बर्गमॉट लागलंच असेल तर ती जागा निदान १२ तास उन्हापासून झाकायची, आणि मुळात साबण-पाण्यानं लगेच धुवायची.

वहीची उरलेली पानं आम्ही भराभर उलटली. ‘सांधेदुखी मसाज’मध्ये दालचिनीच्या सालीचं तेल एक टक्का होतं. कातडीसाठी सुचवली जाणारी कमाल मर्यादा ०.०७ टक्के आहे. दालचिनी फोडणीत कितीही सोज्वळ असली तरी तिचं तेल ॲलर्जी जडवण्यात पटाईत. टी ट्रीची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत, पारदर्शक काचेची, अर्धी रिकामी. हवा आणि उजेड लागून ही तेलं शिळी होतात आणि शिळ्या तेलातली द्रव्यं ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी देतात, विशेषतः टी ट्री, लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय. बाटली गडद काचेची, भरलेली, बंद, थंड जागी. उघडल्याची तारीख झाकणावर. ‘बाळाच्या सर्दीचं तेल’ हे पान मात्र मी फाडायलाच लावलं. निलगिरी, पुदिना, कापूर. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल नेलं तर श्वास अडखळू शकतो, आणि कापूर किंवा निलगिरीचं तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. यावर चर्चा नाही.

रोल-ऑन पुन्हा कसं करायचं तेही ठरलं. अंगाच्या उत्पादनात सगळी इसेन्शियल ऑइल मिळून २ टक्के, चेहऱ्याजवळ एक किंवा त्याहून कमी. १० मिलिलिटरला २ टक्के म्हणजे ०.२ मिलिलिटर, चार ते आठ थेंब. वहिनींचे होते पासष्ट. “मग वास काय येणार?” कमी येणार. अत्तराएवढा वास हवा असेल तर ते अत्तर कपड्याला लावावं. बर्गमॉटच हवं असेल तर फ्युरोकुमॅरिन काढून टाकलेलं मिळतं, लेबलवर एफसीएफ लिहिलेलं असतं; नाहीतर गोड संत्रं आणि लॅव्हेंडर. थेंब मोजणं बंद, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, आणि प्रत्येक खेपेची नोंद.

विकलेल्या बाटल्यांचं काय, यावर वहिनी थोड्या अडखळल्या. नाव जाईल, सोसायटीत तोंड कसं दाखवू. शेवटी त्यांनीच व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ‘माझ्याकडून घेतलेलं रोल-ऑन कृपया वापरू नका. त्यातल्या एका तेलावर ऊन पडलं तर कातडी भाजू शकते. प्रमाण जास्त पडलं होतं. बाटली परत द्या, पैसे देते. लावून उन्हात गेला असाल आणि डाग असेल तर मला फोन करा.’ लपवाछपवी न करता लिहिलेला असा मेसेज मी मोठ्या कंपन्यांकडूनही क्वचितच बघितलाय. दोन फोन आले. एकीच्या मनगटावर फिकट डाग होता. दुसरीची मान काही आठवड्यांपासून एका बाजूनं काळवंडली होती. तिला फोड आलेच नव्हते, आणि मंगळसूत्राच्या खोट्या साखळीनं काळं पडलं असं समजून तिनं साखळी बदलून बघितली होती. साखळी दोन्ही बाजूंना असते, डाग एकाच बाजूला होता.

नणंदेचे उपचार साधे होते. थंड पाण्याच्या घड्या, फोड फोडायचे नाहीत, फुटला तिथे स्वच्छ झाकण, डॉक्टरांनी मोजून दिलेलं मलम मोजक्याच दिवस. हळद नाही, टूथपेस्ट नाही, आणि लिंबू तर नाहीच नाही. दहा-बारा दिवसांत कातडी भरली आणि मागे गडद तपकिरी पट्टा राहिला. हा टप्पा बायकांना सगळ्यात जास्त छळतो आणि खरा धोकाही इथेच असतो. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात त्यांना लगेच एक ‘डाग घालवायची’ ट्यूब पुढे केली गेली. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्यावर कळलं की तिच्यात तीव्र स्टिरॉइड होतं. असली ट्यूब महिनोन्महिने लावून कातडी पातळ झालेल्या, लाल शिरा उठलेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, ओढणी घ्या, डाग महिन्यांनी जाईल. हे लिहिताना तो बराच फिकट झालाय. हाडाशी जिथे थेंब साचला होता तिथे अजून ओळखू येतो.

वहिनींनी विक्री थांबवली आहे. ती फक्त या घटनेमुळे नाही. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायचं तर २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, घरी बनवलं म्हणून त्यातून सूट नाही. हे मी वर्गात सांगते तेव्हा बायका हसतात, प्रदर्शनात कोण विचारतं म्हणून. आता त्या परवाना असलेल्या एका उत्पादकाकडून आपल्या पाककृतीनं माल करून घेता येईल का, याची चौकशी करताहेत. नणंदेनं त्यांना सांगून ठेवलंय, पहिली बाटली मला नको, पण लेबल आधी मला वाचायला दे.

मस्जिद बंदरचं उरलेलं बर्गमॉट, जवळपास अर्धी बाटली, फेकायचं का असं त्यांनी विचारलं. गरज नाही. खोलीत वास पसरवणाऱ्या डिफ्यूझरमध्ये चालेल, कातडीशी संबंध येत नाही. धुऊन टाकायच्या उत्पादनात, म्हणजे अंगाच्या साबणात, मर्यादशीर प्रमाणात चालेल. फक्त साबणाचं पीठ मळताना आणि वड्या कापताना हातमोजे घालायचे, आणि त्याच हातांनी लगेच गच्चीत कपडे वाळत घालायला जायचं नाही.